वॉर्डातले तास

१४ जून

छोटे,

झालं एकदाचं. काल दुपारी समितीची बैठक झाली आणि नवा अभ्यासक्रम मंजूर झाला. फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि मग दोघींनाही वाटतं की दुसरीने ऐकलं. पत्रात निदान तुला मला मध्येच तोडता येत नाही.

आपल्या वेळी कम्युनिटी पोस्टिंग, म्हणजे वस्तीतलं काम, काय होतं, आठवतं? चार वर्षांच्या नर्सिंगमधला जेमतेम एक महिना. बसने जायचं, मुलांची वजनं करायची, भिंतीवर हात धुण्याची चित्रं लावायची, फोटो काढायचा आणि अंधार पडायच्या आत हॉस्टेलवर. त्या घरांत पुन्हा कोण गेलं? आता पहिल्या वर्षापासून प्रत्येक मुलीला काही घरं नेमून द्यायची आणि चारही वर्षं तीच घरं. माणसं कुठे कामाला जातात, काय खातात, पाणी कुठून भरतात, औषध मध्येच का सोडतात, हे तिने शोधायचं. मग एकट्या पेशंटचं नाही, अख्ख्या गल्लीचं दुखणं कमी कशाने होईल, ते बघायचं. परीक्षासुद्धा त्याचीच.

तुला तो पिठाच्या गिरणीतला माणूस आठवत असेल. मी वॉर्डात होते तेव्हा दर हिवाळ्यात यायचा. तीच खाट, तोच दम. आम्ही त्याला बरा करायचो आणि परत त्याच गिरणीत पाठवायचो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्या माणसापायी मी वॉर्ड सोडून शिकवायला आले, हे मी कोणाला सांगत नाही. लोकांना वाटतं, रात्रपाळी नको म्हणून आले.

हे सगळं बसवायला वेळ कुठून तरी काढावाच लागतो. वॉर्डातले तास कमी केलेत, बरेच कमी. तू नाक मुरडशील, मला इथून दिसतंय.

आता मुद्द्याचं. चिऊला इकडे पाठव. पहिल्या तुकडीत माझी भाची हवी. राहील माझ्याकडेच, मागची खोली रिकामीच आहे. रिटायर व्हायच्या आधी एक तुकडी तरी पूर्ण बाहेर पडलेली मला बघायची आहे.

ताई


२ जुलै

ताई,

नाक मुरडलं. दोनदा मुरडलं. शेवटी तुझी भाची जिंकली. "आई, तुझ्या हॉस्पिटलात शिकले तर जन्मभर मी हेड सिस्टरची मुलगीच राहणार," म्हणाली. "मग तिकडे प्रोफेसरीणबाईंची भाची होशील," म्हटलं, तर म्हणाली, "मावशी ओरडत नाही."

तेव्हा पाठवते आहे. तिची बॅग तिच्यापेक्षा जड आहे. सकाळी लवकर उठत नाही, उठली तरी अर्धा तास माणसात नसते. दुधावरची साय बघितली तरी तोंड फिरवते, आणि हिला नर्स व्हायचंय.

तुझ्या अभ्यासक्रमाबद्दल मी काय बोलणार? तू शिकलेली, समित्यांवर बसणारी. मला एवढंच कळतं की हात वॉर्डात तयार होतो. शीर डोळ्यांना दिसत नसते तेव्हा बोटाला सापडते, आणि ती सापडायला शंभर हात हातात घ्यावे लागतात. पेशंट बिघडायच्या आधी त्याचा चेहरा बदलतो. तो कुठल्याही पुस्तकात नाही आणि कुठल्याही गल्लीत नाही. तो रोज त्याच खाटेजवळून वीस वेळा गेल्यावरच दिसायला लागतो.

गिरणीवाल्याचं तुझं खरं आहे. पण तो दर हिवाळ्यात जिवंत घरी जायचा, तो आमच्या हातांमुळे, हेही तेवढंच खरं.

यांचा गुडघा पुन्हा धरलाय. नर्सच्या नवऱ्याने व्यायाम करायचा नसतो, असा नियम असावा.

पोरीचा हात तयार कर. बाकी गल्ल्या, वस्त्या, जग सुधारणं, सगळं मान्य.

छोटी


१८ फेब्रुवारी

छोटे,

अडीच वर्षं मी तुला चिऊची खुशाली चार ओळींत उरकत आले. आज नीट लिहिते, कारण आज मी खूश आहे आणि कॉलेजात सांगितलं तर मिरवल्यासारखं दिसतं.

चिऊला मिळालेली घरं बस डेपोच्या मागच्या गल्लीत आहेत. अरुंद गल्ली, दोन्हीकडे दोन-दोन मजले, दिवसभर बसच्या धुराचा वास. पहिले सहा महिने तिला कोणी दारात उभं करत नव्हतं. आता तिला तिथे "पोरीबाई" म्हणतात. एका घरी एक शिलाईवाली आहे. नवरा नाही, मुलगा परगावी. दुकानाच्या गणवेशांची कामं घेते, दिवसभर पायाने चालवायच्या मशीनवर. साखर कितीतरी वर्षांची. चिऊने एकदा सहज तिला पाय वर घ्यायला सांगितलं, तर तळव्याला मशीनच्या पट्टीने मोठा फोड आलेला आणि बाईला पत्ताच नाही. तळव्याला काही कळतच नव्हतं. चिऊने तिला दवाखान्यात नेलं, पट्टीवर जाड कापडाची गादी शिवायला लावली आणि आता दर आठवड्याला पाय बघते. फोड भरला.

खरी गंमत पुढे आहे. त्या गल्लीत साखरेचे आणि बीपीचे पुष्कळ लोक, आणि निम्म्यांनी गोळ्या सोडलेल्या. डॉक्टर म्हणत होते, लोक अडाणी आहेत. आमच्या मुलींनी घरोघरी नुसतं विचारलं, का सोडल्या? उत्तर एकच. दवाखाना सकाळी उघडतो आणि दुपारी बंद होतो. माणसं संध्याकाळी कामावरून येतात. इतकं साधं, छोटे. मुली आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेल्या, चिऊच बोलली. ते आधी हसले, मग म्हणाले, माणसं कुठून आणू? चिऊ म्हणाली, "आम्ही आहोत की." आता आठवड्यातले तीन दिवस दवाखाना संध्याकाळी उघडा असतो. डॉक्टर त्यांचा, मदतीला आमच्या मुली. काल मी बघायला गेले. बाहेर ओटीवर रांग होती. मला दाराशी उभं राहून रडू आलं आणि मी चष्मा पुसत असल्यासारखं केलं.

चिऊ वॉर्डात थोडी मागे आहे. थोडीच. होईल.

ताई


२० मे

ताई,

चिऊ सुट्टीला आली. मीच म्हटलं, चल माझ्याबरोबर आठवडाभर वॉर्डात, मेट्रनची परवानगी काढली. जे झालं ते तुला सांगायलाच हवं, म्हणून लिहिते. शांतपणे वाच.

दारापासून तिसऱ्या खाटेवर एक दम्याचे आजोबा होते. चिऊ त्यांच्या बायकोशेजारी बसून बोलत होती. काय छान बोलते गं ती. आजींनी तिला सांगितलं की घराला एकच खिडकी आहे आणि ती शेजारच्या गॅरेजच्या धुरामुळे कायम बंद असते. ते आजोबा माझ्या वॉर्डात चार वेळा येऊन गेले, पण मला ती खिडकी माहीत नव्हती. हे मी मान्य करते.

पण ती खिडकीचं ऐकत होती तेव्हा आजोबा उशीवरून खाली घसरले होते आणि ऑक्सिजनची नळी त्यांच्या कोपराखाली दबली होती. ओठ निळे पडायला लागले होते. हातभर अंतरावर, ताई. मी ट्रे घेऊन आले म्हणून. नळी सोडवली, त्यांना वर ओढून बसवलं, आले परत. चिऊ भिंतीला टेकून उभी होती.

घरी जाताना तीच म्हणाली, "आई, नळी मला दिसली होती. पण ती दबली की पुढे काय होतं, ते माझ्या हातांना माहीत नव्हतं."

मुलगी हुशार आहे. दोष तिचा नाही, तिला पुरेसं उभंच केलेलं नाही वॉर्डात. पुढच्या वर्षी ती आणि तिच्या बरोबरीच्या तीस जणी ड्यूटीवर उभ्या राहणार. तेव्हा मी ट्रे घेऊन येणार नाही.

गल्ली कमी करू नकोस. पण वॉर्डातले तास वाढव. अजून वेळ आहे.

छोटी


२९ मे

छोटे,

तुझं पत्र वाचलं. शांतपणेच वाचलं.

एका आठवड्यावरून तू अख्खी तुकडी निकालात काढलीस. अशी चूक आपल्या वेळच्या मुलींकडून होत नव्हती? आपण दोघींनी काय काय गोंधळ घातले ते मी इथे लिहायला बसत नाही.

तास आत्ता वाढवता येणार नाहीत. हिवाळ्यात नर्सिंग परिषदेची तपासणी आहे. त्याआधी मी स्वतःच म्हटलं की आमचं कुठेतरी चुकलं, तर जे टपून बसलेत ते सगळंच बंद पाडतील. दुरुस्ती तपासणीनंतर. तोपर्यंत तू हे कोणापाशी बोलू नकोस, एवढं कर.

आणि राग मानू नकोस, पण एक विचारते. तुला खरंच मुलींची काळजी वाटते, की आपण जन्मभर ज्या चार भिंतींत राबलो त्याच्या बाहेरही नर्सिंग आहे, हे तुला सोसवत नाही? मी बाहेर पडले आणि तू राहिलीस, हे तुझ्या बोलण्यात कुठेतरी असतं. नेहमी असतं.

चिऊला म्हणावं, शिलाईवाली विचारत होती, पोरीबाई कधी येणार.

ताई


९ नोव्हेंबर

ताई,

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. वेळ नव्हता, असं लिहिणार होते, पण तो असतोच.

इकडे सगळं ठीक. यांच्या गुडघ्याला पट्टा आणलाय, तो ते कपाटाला लावून ठेवतात. स्वयंपाकघराचं छत गळत होतं ते करून घेतलं. वॉर्डात दोन नव्या खाटा आल्या, माणसं मात्र तेवढीच. परिषदेची मंडळी येऊन गेली, आमच्या हेड सिस्टरांना एकेकीला बोलावून काहीबाही विचारलं. नेहमीचंच.

चिऊला तिकडे थंडी जास्त असेल. तिचा जाड स्वेटर इथेच राहिलाय, पाठवते.

छोटी


२१ जानेवारी

छोटे,

काल परिषदेच्या बैठकीत मी बसले होते. मोठ्या हॉस्पिटलांकडून आलेले अभिप्राय सचिव एकेक करून वाचत होते. या मुली वॉर्डात ड्यूटी करायला तयार आहेत का, असा प्रश्न होता. कोणी अर्धं पान लिहिलं होतं, कोणी म्हटलं, अनुभव कमी आहे, पण शिकतील. मग तुझ्या हॉस्पिटलचं नाव आलं, मेडिसिन वॉर्डाच्या हेड सिस्टर. उत्तर एका शब्दाचं होतं. नाही.

सचिव म्हणाले, "या बाईंचा अनुभव दांडगा आहे, त्यांचं वजन धरायला हवं." माझ्या शेजारच्या बाईंना माहीत नव्हतं तू माझी कोण. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "बघा, जे काम करतात त्यांना कळतं."

नवा अभ्यासक्रम थांबवला. जुना परत. चिऊच्या तुकडीने यापुढे पूर्ण वेळ वॉर्डात राहायचं आणि वर एक वर्ष जास्तीचं करायचं. वस्तीतली पोस्टिंग बंद. मुली नाहीत म्हणून संध्याकाळचा दवाखानाही बंद. आरोग्य अधिकाऱ्यांना मी भेटले, ते म्हणाले, मी काय करू, माझ्याकडे माणसं नाहीत, ते आधीच बोललो होतो.

तुला असं वाटत होतं ते मला ठाऊक होतं. त्याचं नाही काही. पण "काहीबाही विचारलं, नेहमीचंच," हे तू मला लिहिलंस. त्याच पत्रात स्वेटरचं लिहिलंस.

चिऊला मी सांगितलं नव्हतं, तिला कॉलेजातून कळलं. ती आता हॉस्पिटलजवळच्या हॉस्टेलवर राहते, ड्यूटीला तिथूनच सोयीचं. मागची खोली रिकामी आहे.

ताई


६ फेब्रुवारी

ताई,

तू लिहिलंस त्यातलं एकही वाक्य खोटं नाही.

मला विचारलं, तयार आहेत का. आजोबांचे निळे ओठ डोळ्यांसमोर आले. मी हो कसं म्हणू? आज विचारलं तरी मी हो म्हणणार नाही. ते उत्तर खरं होतं.

पण त्या प्रश्नाखाली चांगली अर्ध्या पानाची जागा रिकामी होती. तिथे मला लिहिता आलं असतं की मुलींना माणसं वाचता येतात, जी मला तीस वर्षांत वाचता आली नाहीत. फक्त वॉर्डातले तास वाढवा, बाकी काही तोडू नका. हे सगळं मला येत होतं, मे महिन्यात तुला हेच तर लिहिलं होतं. पेन हातात होतं. तेव्हा तुझं ते वाक्य आठवलं, बाहेरचं नर्सिंग मला सोसवत नाही ते. म्हटलं, मरू दे. मी वॉर्डातली बाई, मला वॉर्डाचं विचारलंय, तेवढंच सांगते. आणि पेनाचं टोपण लावलं.

मला वाटलं होतं, तास वाढवायला सांगतील तुला. सगळंच मोडतील असं वाटलं नव्हतं. पण वाटायला हवं होतं. तू लिहिलं होतंस की लोक टपून बसलेत.

चिऊ फोन घेते. "हो, बरी आहे. जेवले. ड्यूटी आहे." एवढं बोलते.

छोटी


३० जून

छोटे,

आज रिटायर झाले. हार, भाषणं, एक भिंतीवरचं घड्याळ. प्राचार्य म्हणाले, मॅडमनी संस्थेला नवी दिशा दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ज्यांनी ती दिशा बंद केली त्यांनी जरा जोरात.

तुझ्या फेब्रुवारीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं. देता येत नव्हतं. राग होता, तो आता पुष्कळ ओसरलाय. पण रागाच्या जागी काही आलेलं नाही, नुसती रिकामी जागा आहे.

ताई


१२ सप्टेंबर

ताई,

हे तुला सांगावं की नाही, याचा चार दिवस विचार केला. एकदा न सांगून पाहिलंय. म्हणून सांगते.

आमच्याकडे लांबून लांबून पेशंट पाठवतात, तुला माहीत आहे. गेल्या आठवड्यात एक बाई आल्या. साखर खूप वाढलेली, उजवा पाय घोट्यापर्यंत काळा. कागदावर तुझ्या गावाचं नाव, म्हणून मी सहज विचारलं, कुठे राहता? म्हणाल्या, बस डेपोच्या मागे. काय काम करता, म्हटलं. म्हणाल्या, शिवते.

मी त्यांच्या खाटेवर बसले. मी कधी पेशंटच्या खाटेवर बसत नाही, माझ्या मुलींना बसू देत नाही.

"तुमच्याकडे एक मुलगी यायची का, पाय बघायला?"

"यायची की. पोरीबाई. दर आठवड्याला यायची, खाली बसून पाय मांडीवर घ्यायची. मग यायची थांबली. आम्ही म्हटलं, परीक्षा असेल."

"मग तुम्ही दवाखान्यात का नाही गेलात?"

"संध्याकाळचा बंद झाला ना. सकाळी जायचं तर दिवसाचं काम जातं. आणि दुखत नव्हतं हो. दुखलं असतं तर गेले असते."

तक्रारीचा सूर नव्हता. उलट मलाच विचारत होत्या, तुम्हाला पोरीबाई कशी माहीत? मी म्हटलं, माझी मुलगी आहे ती. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "फार गुणी आहे. पास झाली का?"

दुसऱ्या दिवशी पाय कापावा लागला, गुडघ्याच्या खाली. मशीन चालवायचा तोच पाय. त्यांचं सगळं ड्रेसिंग मी स्वतः केलं, एकदाही दुसरीवर सोपवलं नाही. जखम सुरेख भरते आहे, एक टाका पिकला नाही. काल राउंडला मोठे डॉक्टर सगळ्यांना म्हणाले, "बघा, नर्सिंग असं असतं." वीस जण माझ्याकडे बघत होते. मी पट्टी गुंडाळत राहिले.

चिऊला मी अजून सांगितलेलं नाही. आईने सांगावं की मावशीने, ते तू ठरव. तू म्हणशील तसं करू.

छोटी


२५ सप्टेंबर

छोटे,

चिऊला मी सांगितलं. हॉस्टेलवर गेले होते. ती कपडे वाळत घालत होती. ऐकून घेतलं, उरलेले कपडे दोरीवर टाकले, चिमटे लावले. मग म्हणाली, "मावशी, मला सुट्टी असायची. रविवारी असायची. कॉलेजने पोस्टिंग बंद केली होती, मला जायला कोणी बंदी केली नव्हती." मी म्हटलं, तू दमलेली असायचीस. म्हणाली, "हो, पण गेले असते तर दहा मिनिटं लागली असती."

एवढ्याशा पोरीने ते आपल्या डोक्यावर घ्यावं, हे मला बघवलं नाही. म्हणून तुला लिहिते, तूही एकटीने घेऊ नकोस. तू मे महिन्यात सांगितलं होतंस आणि हातात सात महिने होते. आठवड्यातली एक दुपार गल्लीतून काढून वॉर्डात टाकली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. संध्याकाळचा दवाखानासुद्धा चालला असता. पण मला एका पानाचीही काटछाट नको होती. रिटायर व्हायच्या आधी सगळं अखंड बघायचं होतं, आणि तुकडी अर्धवट राहिली तशी राहिलीच. मुलींना मी शिकवत होते की लोक औषध का सोडतात ते आधी त्यांना विचारा, त्यांच्यावर चिडू नका. सख्ख्या बहिणीला मात्र मी काही विचारलं नाही, सरळ चिडले.

गल्लीत जाऊन आले. शिलाईवाली आली आहे परत. शेजारणी बघतात. हाताने चालवायचं मशीन मिळतं का, ते पाहते आहे. मी संध्याकाळी जाऊन बसते तिथे आता. मला साखर तपासता येते, बीपी बघता येतं. पण मी एकटी, आणि गल्ली मोठी आहे. आधी तीस मुली होत्या.

ताई


७ ऑगस्ट

ताई,

जास्तीचं वर्ष संपवून चिऊ माझ्या वॉर्डात रुजू झाली, त्याला आता वर्ष होईल. फोनवर तू विचारतेस, कशी आहे? मी म्हणते, छान. तेवढं पुरेसं नाही, म्हणून लिहिते.

छानच आहे. सलाइन पहिल्या टोचणीत लावते. पेशंट बिघडायच्या आधी तिला दिसतो, कधीकधी माझ्याही आधी. परवा एका बाईचा चेहरा बघून तिने डॉक्टरांना बोलावलं, ती बाई वाचली. नव्या मुलींना मी सांगते, हिच्याकडे बघून शिका. मला जशी नर्स हवी होती, तशीच झाली आहे. अगदी तशीच.

पण ती आता कोणाला काही विचारत नाही, ताई. घरी कोण असतं, खिडकी उघडता का, काहीच नाही. गोळ्या समजावते, कागद देते, पुढच्या खाटेकडे जाते. नातेवाईक बोलायला लागले की नजर घड्याळाकडे. मी एकदा म्हटलं, "अगं, जरा बोलावं त्यांच्याशी." म्हणाली, "विचारून पुढे काय, आई? विचारलं की मग जावं लागतं." आणि ट्रे घेऊन निघून गेली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

काल एक काका घरी चालले होते. हृदयाचे पेशंट, जिने चढायचे नाहीत असं सांगितलेलं. चिऊने कागद दिला, समजावलं, सगळं बरोबर. ते दारापर्यंत गेले आणि मी त्यांच्या मागे गेले. का ते माहीत नाही. म्हटलं, "काका, तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?"

"चौथ्या."

"लिफ्ट आहे?"

"कुठली लिफ्ट."

"पाणी?"

"खाली येतं. भरून वर न्यायचं."

"कोण नेतं?"

ते हसले. त्यांच्या बायकोने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी तिथेच उभी राहिले. वॉर्डात वळून बघितलं तर चिऊ आमच्याकडेच बघत होती. मग तिने मान खाली घातली आणि चादर बदलायला घेतली.

काका माझ्याकडे बघत होते. विचारलंय म्हणजे बाई पुढे काहीतरी बोलतील, असं त्यांना वाटत असावं. सावकाश चढा, एवढं म्हटलं.

हे मला कोणी शिकवलं नाही आणि जी शिकली होती ती आता सांगणार नाही. तू सांग. चौथा मजला, लिफ्ट नाही, पाणी खाली. यानंतर काय विचारायचं असतं?

छोटी